तरंगमबाडी: राहणाऱ्यांना विचारून बांधलेली घरे

तंजावरच्या रघुनाथ नायक राजाने १६२० साली समुद्रकाठचे तरंगमबाडी डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना वखारीसाठी दिले. पुढे तंजावरला भोसल्यांचे राज्य आले, तरी डॅनिश वखार १८४५ पर्यंत टिकली. त्यांचा डॅन्सबोर्ग किल्ला पाहायला आजही पर्यटक येतात. शेजारच्या कोळीवस्तीतला घरबांधणीचा प्रयोग मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

हा किनारा १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यात होता. मग नागपट्टणम जिल्हा वेगळा झाला आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तिथे सुमारे सहा हजार बळी घेतले. सरकारने जागा दिली, घरे बांधण्याचे काम स्वयंसेवी संस्थांकडे सोपवले. अनेक गावांत ठेकेदारांनी जमीन सपाट केली, नारळ-कडुनिंब तोडले आणि एकाच नकाशाची सिमेंटची घरे रांगेने उभी केली.

अशा घरांत हरवली ती तिण्णै, म्हणजे दारापुढचा ओटा. जाळी विणणे, मासळी निवडणे, आल्यागेल्याशी बोलणे, उकाड्यात रात्री अंग टाकणे, सारे तिथेच चालते. झाडांची सावली तर कोळ्यांचा कामाचा मांडवच.

तरंगमबाडी आणि चिन्नंगुडीत दक्षिण भारतीय मच्छिमार संघांच्या महासंघाने, म्हणजे ‘सिफ्स’ने, वेगळी वाट धरली. लॉरी बेकर यांच्या हाताखाली तयार झालेले वास्तुविशारद बेनी कुरियाकोस यांनी घरे आखली, पण कुटुंबांशी बोलून. चूल कुठे, दार कोणत्या दिशेला, ओटा केवढा, हे राहणाऱ्यांनी सांगायचे; जागेवरची झाडे शक्य तितकी राखायची.

हे सारे सुरळीत होते असे नाही. पट्टिणवर कोळ्यांच्या गावांत निर्णय ऊर पंचायत घेते आणि तिथे परंपरेने पुरुषच बसतात. घरात सर्वाधिक वावरणाऱ्या बाईचे मत वेगळे विचारावे लागते, हा धडा विसरता कामा नये.

राहणाऱ्यांना न विचारता वस्ती आखली की काय हरवते, हे महाराष्ट्राला नवे नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर स्थलांतरित झालेल्या गावांत रुंद, सरळ रस्ते आले, पण गल्ली आणि वाड्याभोवतीचा शेजार तुटला. पुनर्वसनाच्या नकाशावर सही होण्याआधी तो वस्तीपुढे, बायकांसकट, मांडलाच पाहिजे.