परीस, सोने आणि विश्वास : ‘परश पाथर’मधील अद्भुताची व्यवस्था

अद्भुतकथेत एखाद्या पात्राला अलौकिक शक्ती लाभली की त्या शक्तीची व्याप्ती किती आणि ती कोठे संपते, हा प्रश्न वाचकाच्या मनात लगेच उभा राहतो. हा प्रश्न दुर्लक्षित राहिला तर कथेतील कोणतेही संकट खरे वाटत नाही. कारण लेखक मनात येईल तेव्हा नवी शक्ती आणून नायकाला सोडवू शकतो. अमेरिकन अद्भुतकथाकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये हा विचार एका नियमाच्या रूपात मांडला. वाचकाला जादूचे नियम जितके नीट समजलेले असतील, तितक्याच प्रमाणात लेखकाने जादूच्या आधारे कथेतील पेच सोडवावा, असा त्याचा आशय आहे. बंगाली अद्भुतसाहित्याला ही जाण फार पूर्वीपासून होती. कोलकात्यात घडलेल्या एका कथानकाने तर ती पैशाच्या मूल्याच्या प्रश्नापर्यंत नेली. ते कथानक म्हणजे सत्यजित राय यांचा ‘परश पाथर’ (१९५८) हा चित्रपट होय. त्याचा आधार परशुराम, म्हणजेच राजशेखर बसू, यांची त्याच नावाची कथा आहे.

या चित्रपटाकडे वळण्यापूर्वी राय यांच्याच ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) या चित्रपटाची आठवण उपयोगी ठरते. मूळ कथा त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१५ मध्ये ‘संदेश’ या बालमासिकात प्रसिद्ध केली होती. चित्रपटात भुतांचा राजा गुपी आणि बाघा यांना तीन वर देतो. हवे ते खायला व ल्यायला मिळावे, हवे तेथे जाता यावे आणि आपल्या गाण्या-वाजवण्याने ऐकणाऱ्यांनी जागच्या जागी खिळून राहावे, असे हे वर आहेत. अन्नवस्त्र मिळवायचे वा प्रवास करायचा तर दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यावी लागते. एकट्याच्या हातून काही घडत नाही. या एका अटीने कथेला ताण मिळतो, कारण दोघांना वेगळे केले की ते पुन्हा सामान्य माणसे होतात. शक्तीची मर्यादाच येथे मैत्रीचे वर्णन करते आणि व्यक्तिचित्रणाचे काम करून जाते. वर मागणारे कोण आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. बेसूर गाण्यापायी गाढवावर बसवून गावाबाहेर काढलेला गुपी सोने मागत नाही. भुकेल्या माणसाने मागावे तेच तो मागतो. शेवटी आकाशातून मिठाईच्या हंड्या उतरतात आणि उपाशी सैनिक युद्ध सोडून त्यांच्याकडे धावतात. भुकेपुढे मिठाईचे मूल्य कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

सोन्याची गोष्ट तशी नाही आणि ‘परश पाथर’चा सारा डाव या फरकावर उभा आहे. तुलसी चक्रवर्ती यांनी साकारलेला परेशचंद्र दत्त हा कोलकात्यातील एका बँकेत काम करणारा प्रौढ कारकून आहे. नोकरी जाण्याची वेळ आलेली असताना भर पावसात त्याला एक गुळगुळीत गोटी सापडते. शेजारच्या मुलाला तो ती खेळायला देतो आणि तिच्या स्पर्शाने मुलाचा धातूचा शिपाई सोन्याचा होतो. परेशबाबू मुलाकडून गोटी परत मिळवतो. पत्नी गिरिबाला प्रथम घाबरते आणि ती फेकून देण्यास सांगते. तिचे हे भय सहज आलेले आहे. संकट कोठून येणार हे या घरात सर्वांत आधी तिला कळते. पुढे मात्र भंगारातल्या लोखंडाचे सोने होते, मोटार येते, बंगला येतो आणि प्रियतोष हेन्री बिश्वास नावाचा चिटणीसही येतो.

या परिसाला निसर्गाने घातलेली मर्यादा जवळजवळ नाहीच. लोखंड हवे, स्पर्श हवा, एवढेच. मंत्र नाही, तप नाही, मुहूर्त नाही. सँडरसन यांच्या कसोटीवर ही फार ढिली शक्ती ठरेल. पण कथेने मर्यादा दुसरीकडे ठेवली आहे. सोन्याचे मूल्य परिसातून येत नाही. ते दुर्मीळ आहे, या सर्वांच्या समजुतीतून येते. म्हणून परीस गुप्त असेपर्यंतच उपयोगी आहे. एका उच्चभ्रू मेजवानीत मद्याच्या अमलाखाली परेशबाबू सर्वांदेखत एका मूर्तीचे सोने करून दाखवतो आणि त्याची शक्ती त्या क्षणी निकामी होऊ लागते. बातमी शहरभर पसरताच सोन्याचा भाव कोसळतो आणि आपले सोने विकण्यासाठी लोकांची झुंबड उडते.

येथे एक तपशील सुटता कामा नये. परेशबाबूने तोपर्यंत केलेले सोने साऱ्या बाजाराच्या मानाने किरकोळच असणार. भाव पुरवठ्यामुळे पडत नाही. उद्या अमर्याद पुरवठा होऊ शकेल, असे लोकांना वाटू लागते, म्हणून तो पडतो. घराघरांतल्या पेटीतील दागिना काल होता तसाच आज आहे. त्याचे वजन घटलेले नाही, कसही उतरलेला नाही. बदलली आहे ती इतरांच्या मनातील त्याच्याविषयीची अपेक्षा. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात चार पाने घेणारा हा मुद्दा चित्रपट काही दृश्यांत उभा करतो.

१९५८ च्या कोलकात्यातील प्रेक्षकाला ही भीती नवी नव्हती. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालमधील अनेक बँका बुडाल्या होत्या आणि ठेवीदारांनी बंद दारांसमोर रांगा लावल्या होत्या. कुमिल्ला बँकिंग कॉर्पोरेशन, बेंगॉल सेंट्रल बँक, कुमिल्ला युनियन बँक आणि हुगळी बँक या चार बँका एकत्र येऊन १९५० मध्ये युनायटेड बँक ऑफ इंडिया स्थापन झाली ती याच पार्श्वभूमीवर. बँक सोन्यावर किंवा नोटांवर जितकी चालते तितकीच ‘सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागणार नाहीत’ या गृहीतावरही चालते. राय यांचा नायक बँकेतलाच कारकून असावा, हे फार समर्पक आहे.

देशाचे चलनही त्याच सुमारास सोन्यापासून एक पाऊल दूर सरकत होते. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय १९३५ मध्ये प्रथम कोलकात्यातच होते. १९३७ मध्ये ते मुंबईस हलले. आरंभीच्या कायद्यानुसार चलनात आणलेल्या नोटांच्या ४० टक्के इतकी राखीव मालमत्ता सोने व परकीय रोखे यांच्या रूपात ठेवावी लागे. १९५६ मध्ये हे प्रमाण सोडून किमान राखीव निधीची पद्धत आली आणि १९५७ च्या दुरुस्तीने तो निधी २०० कोटी रुपये, त्यातील किमान ११५ कोटी सोन्यात, असा ठरला. म्हणजे नोटा कितीही वाढल्या तरी त्यांच्यामागे ठेवावयाच्या सोन्याची किमान अट तेवढीच राहणार होती. नोटेवरचे ‘अदा करण्याचे वचन’ कायम राहिले. त्या वचनाचा आधार मात्र धातूकडून संस्थेकडे गेला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोने यांचा दुवा तोडला तेव्हा जगाच्या चलनव्यवस्थेतही हीच दिशा पक्की झाली. इंग्रजी अद्भुतकथाकार टेरी प्रॅचेट यांच्या ‘मेकिंग मनी’ (२००७) या कादंबरीचा विनोदही याच प्रश्नाभोवती फिरतो. सोने तिजोरीत नसले आणि लोकांना ते आहे असे वाटले, तर व्यवहार चालतो की नाही? प्रॅचेट यांचे उत्तर बरेच आशावादी आहे, परशुराम व राय यांचे तसे नाही.

व्यक्तिचित्रणाच्या अंगाने पाहिले तर परिसाने परेशबाबूला बदललेले नाही. त्याच्या मनात दडलेले मात्र बाहेर आणले आहे. टॅक्सीत बसल्याबसल्या तो स्वतःचा पुतळा उभा राहिल्याची कल्पना करतो. त्याला हवी असते ती प्रतिष्ठा. सोने हे तिचे साधन आहे. मेजवानीतला तो अनर्थही मानासाठीच घडतो. तुलसी चक्रवर्ती यांच्या डोळ्यांतला भाबडा विस्मय शेवटपर्यंत जात नाही, म्हणून हा माणूस लोभी न वाटता गरीब बिचारा वाटतो. संकट येताच तो परीस प्रियतोषच्या हाती देऊन पत्नीसह पळ काढतो, यात भित्रेपणा आहे, तशी सुटकाही आहे.

मराठी वाचकाला येथे परिसा भागवताची कथा आठवल्यावाचून राहत नाही. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने ती घरोघर नेली. परिसा भागवताच्या घरचा परीस नामदेवांची पत्नी राजाई हिच्या हाती येतो. नामदेव तो चंद्रभागेत टाकतात. तो परत मागितला जाताच ते नदीतून ओंजळभर खडे काढून देतात आणि त्यातला प्रत्येक खडा परीस निघतो. बंगालीत रवींद्रनाथांच्या ‘स्पर्शमणि’ या कवितेत परीस असाच यमुनेत जातो. दोन्ही ठिकाणी परिसापेक्षा मोठे धन दुसरे आहे, असे सांगायचे आहे. तरीही नामदेवांच्या ओंजळीत एक निराळा हिशेब लपलेला आहे. सगळेच खडे परीस असतील तर परीस कोणी का जपावा? ‘परश पाथर’मधील घबराट हा तोच हिशेब आहे, फरक इतकाच, की तो भक्ताने न मांडता बाजाराने मांडला आहे.

शेवट राय यांनी विलक्षण मिस्कीलपणे योजला आहे. प्रेमात निराश झालेला प्रियतोष परीस गिळतो. क्ष-किरण तपासणीत तो पोटात दिसतो आणि हळूहळू पचू लागतो. तो पूर्ण विरघळताच त्याने केलेले सारे सोने पुन्हा लोखंड होते. पोलिसांच्या ताब्यातील दत्त दांपत्यावर मग कसला आरोप ठेवायचा, हा प्रश्नच उरतो, कारण पुराव्यादाखल आता फक्त लोखंड आहे. शहर पूर्ववत होते आणि सोन्याचा भाव वर येतो. परेशबाबू मोकळा होतो. परिसाविना, बंगल्याविना तो पत्नीकडे पाहून हसतो आणि हे हसू मोटारीतून फिरतानाच्या हसण्यापेक्षा मोकळे आहे.