सुट्टे कुणाकडे आहेत?

मगरिबची नमाज आटोपली आहे आणि एटीएमपुढची रांग पुन्हा जुळते आहे. मशिदीतून परतलेले लोक आपापल्या जागी येऊन उभे राहतात. कुणाचा नंबर कुठे होता यावरून हुज्जत नाही. शुक्रवार, म्हणजे सुट्टी. महिन्याचा पहिला आठवडा, म्हणजे पगार. कतारमधल्या अबू हमूरच्या दार अल सलाम मॉलकडे गाड्यांची रीघ लागली आहे. आत शिरणाऱ्यांच्या हातात फोन आहेत, आणि या रांगेत उभ्या असलेल्यांच्या हातात कार्डं.

माझ्याबरोबर शेजारच्या मित्राचे वडील आहेत. सांगलीला एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्तीनंतर थंडीपुरते मुलाकडे आले आहेत. मुलगा ड्यूटीवर, सून नातवाच्या अभ्यासात, म्हणून संध्याकाळची फेरी माझ्याबरोबर. मॉल, गाड्या, दिव्यांची रोषणाई यांत काकांचं मन रमत नाही. पैसे मोजणारा माणूस दिसला की मात्र ते थांबतात.

पुढचा माणूस पन्नाशीचा, नेपाळी असावा. मशीनसमोर जाऊन तो क्षणभर थबकतो आणि मागच्या तरुणाला पुढे बोलावतो. कार्ड त्याच्या हातात देतो, कानाशी लागून पिन सांगतो. पोरगा बटणं दाबतो, नोटांना हातही न लावता बाजूला होतो.

“पिन सांगितला की रे त्यानं!” काका चक्रावतात.

“एकाच खोलीतले असतील, काका.”

“असतील. पण आमच्या आगारात मी कॅश जमा करताना शेजारी मित्र असला तरी पेटीवर हात ठेवून बसायचो.”

माणूस नोटा घेतो, रांगेतून बाहेर येऊन दिव्याखाली उभा राहतो. पाचशेची एक, बाकी शंभराच्या. पाचशेच्या नोटेवर मागच्या बाजूला गॅस वाहून नेणारं जहाज आहे. या देशाची श्रीमंती त्याच जहाजातून आलेली. तो ती नोट उलटीसुलटी करून बघतो, चार पदरी घडी घालतो आणि फोनच्या कव्हरमध्ये, फोनच्या पाठीशी सरकवतो. ज्या फोनने पैसे द्यायचे, त्याच्याच पाठीत नोट लपवली जाते आहे. शंभराच्या नोटा शर्टाच्या आतल्या खिशात जातात. मग पावती. ती मात्र तो फेकत नाही, नीट दुमडून पाकिटात ठेवतो.

काकांना हे पटतं. “पावती ठेवली. हुशार आहे.”

त्या पावतीमागे थोडा इतिहास आहे. कतारमध्ये 2015 पासून पगार बँकेमार्फतच द्यावा लागतो. ठरलेल्या तारखेपासून सात दिवसांत पैसे जमा झाले नाहीत, तर ते सरकारी यंत्रणेच्या नजरेला पडतं. त्याआधी पगार रोख मिळायचा आणि सही कशावर केली, हातात किती पडलं, यावर कामगाराचा शब्द आणि मुकादमाचा शब्द एवढाच पुरावा असायचा. मार्च 2021 पासून किमान वेतन हजार रियाल झालं. राहण्या-जेवणाची सोय मालकाने केली नसेल तर त्याचे पैसे वेगळे. हजार आले की नऊशे, हे आता कागदावर दिसतं. म्हणजे कार्डाचा खरा उपकार या रांगेवर आहे, मॉलमध्ये फोन टेकवणाऱ्या माझ्यासारख्यावर नाही. आणि तरीही ज्यांच्यावर उपकार, तेच पहिल्या आठवड्यात सगळी शिल्लक नोटांत काढून घेताहेत.

“का काढतो सगळे?” काका थेट रांगेतल्याच एकाला विचारतात. मराठी ऐकून तो वळतो. श्रीवर्धनकडचा आहे, एका मेंटेनन्स कंपनीत प्लंबर.

“मेसचे द्यायचे असतात ना, काका. खोलीत आठ जण, एकाकडे जमा करायचे. गेल्या महिन्यात घेतलेले उसने द्यायचे. न्हाव्याचे, मोबाइलचे. बाकीचे तिकडे,” तो समोरच्या एक्स्चेंजच्या पाटीकडे हनुवटी करतो, “घरी.”

“मग फोनवरनं का नाही देत?”

“कुणाला देऊ? मेसवाल्याला नोटच लागते. तो उद्या भाजी आणणार ना तिच्यातनं.”

आम्ही त्याच्याबरोबरच एक्स्चेंजमध्ये शिरतो. आत एसीचा गारठा, टोकन, काचेआडचे कर्मचारी, भिंतीवर दरांचा फलक. फिलिपिन्स, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका. प्रत्येकजण आपल्या देशाच्या ओळीकडे मान वर करून बघतो. रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.64. त्यामुळे मुंबईत डॉलर चढला की इथे रियाल चढतो, आणि श्रीवर्धनच्या घरी त्याच पगारात चार पैसे जास्त पोचतात. भारतात रुपया घसरल्याची बातमी येते त्या दिवशी या खोलीत गर्दी वाढते. देशाची चिंता आणि घरचा फायदा एकाच फलकावर लिहिलेला असतो, आणि वाचणारा दोन्ही जाणून असतो.

काका फलक वाचून म्हणतात, “आपला रुपया इथं चालत नाही, होय?”

चालत होता. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी या वाळवंटात आपलाच रुपया चलन होता. इथून सोनं भारतात चोरून जायचं, त्याच्या बदल्यात रुपये इथे यायचे आणि तेच रुपये परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेच्या दारात परत जायचे. त्याला आळा घालायला 1959 साली आखातापुरत्या निराळ्या नोटा काढल्या: निराळा रंग आणि क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर. आपल्या नोटा तेव्हा नाशिक रोडच्या छापखान्यात छापल्या जात. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतारने तो सोडला. आधी दुबईबरोबरचा सामाईक रियाल आला, 1973 मध्ये स्वतःचा.

“म्हणजे नाशकातनं नोट यायची इथं,” काका खूश होतात, “आणि आता इथनं जाते.”

खिडकीशी प्लंबरचा नंबर लागतो. आत्ताच मशीनमधून काढलेल्या नोटा तो काचेखालून सरकवतो. काउंटरवरची मुलगी त्या मोजणीच्या यंत्रात टाकते, फर्र आवाज होतो, आणि बँकेतून निघून जेमतेम अर्धा तास नोट म्हणून जगलेला पैसा पुन्हा आकडा होतो. हा खटाटोप कशाला? ॲपवरून थेट पाठवता येतात, फलकाखालीच तशी जाहिरात आहे. तो हसतो. “ॲप आहे. पोरानं घालून दिलंय. पण इथं समोर मुलगी ‘हो गया’ म्हणते, मग मी घरी फोन करतो.”

बाहेर पडतो तर काकांच्या आवडीची जागा समोर येते: बसथांबा. ‘करवा’ या इथल्या बससेवेची बस येऊन उभी राहते, एसीची, स्वच्छ. काका पुढच्या दारातून डोकावतात. कंडक्टर नाही. चालकाशेजारी एक यंत्र, चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. चालक रोख घेत नाही.

एक तरुण दहाची नोट पुढे करून उभा आहे. नवा दिसतो, बूटसुद्धा नवे. चालक यंत्राकडे बोट दाखवतो. तरुण नोट आणखी पुढे करतो. मागचे चुळबुळ करतात. काका माझ्या कोपराला धरतात. पस्तीस वर्षांची सवय, त्यांना मध्ये पडायचं आहे. तेवढ्यात आतल्या सीटवरून एक दाढीवाला उठतो, पाकिटातून दुसरं कार्ड काढतो, बहुधा खोलीतल्या कुणाचं तरी, यंत्राला टेकवतो आणि तरुणाला आत ओढतो. तरुण त्याला नोट देऊ करतो. दाढीवाला खिसे चाचपतो. त्याच्याकडे मोड नाही. बस सुटते तेव्हा तो बसलेल्या लोकांना विचारत असतो, सुट्टे कुणाकडे आहेत म्हणून, आणि चार जण पाकिटं उघडत असतात.

“बघ,” काका म्हणतात, “कंडक्टर काढून टाकला तरी कुणीतरी कंडक्टर होतोच.”

मला त्या बसमध्ये या वस्तीचा सगळा व्यवहार दिसतो. पैसा माणसाकडून कंपनीकडे जातो तिथे कार्ड चालतं. बस, पेट्रोल पंप, सुपरमार्केट, मुलांच्या शाळेची फी. तिथे नोट काढली तर मागचा सुस्कारा टाकतो. पैसा माणसाकडून माणसाकडे जातो तिथे मात्र नोट लागते. कायद्याने यात काही कसर ठेवलेली नाही. प्रत्येक दुकानाने कार्ड, वॉलेट किंवा क्यूआर यांची सोय करावी आणि त्यासाठी वरचे पैसे घेऊ नयेत, असा वाणिज्य मंत्रालयाचा दंडक 2022 पासून आहे.  मार्च 2024 पासून ‘फवरान’ आली आहे: समोरच्याचा मोबाइल नंबर टाकला की क्षणात पैसे. पण त्याला दोन्हीकडे बँकेचं खातं हवं. रांगेतल्या अनेकांकडे असतं ते पगाराचं कार्ड. पैसे काढायला पुरतं, घ्यायला पुरत नाही.

काकांचा प्रश्न ठरलेला आहे. सांगलीच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीला क्यूआर, एस.टी.च्या तिकिटाच्या मशीनवर क्यूआर, मग एवढ्या श्रीमंत देशात का नाही? मी त्यांना सांगतो की आपल्याकडे 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन पडत नाही आणि कोथिंबीरवालीचंही बँकेत खातं आहे, तिच्या स्वतःच्या नावाचं, तिच्या गावात. इथला हमाल दोन वर्षांच्या करारावर आलेला. आणि यूपीआय इथेही पोचलंय. 2025 मध्ये आधी विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमध्ये, मग लुलू सुपरमार्केटांत.

“म्हणजे माझ्या फोनवरनं चालेल?”

“लुलूत चालेल. चहाला नाही चालणार.”

चहाचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची करकची, म्हणजे इथल्या कडक चहाची, खिडकी. गाड्या येतात, हॉर्न वाजतो, एप्रनवाला मुलगा धावत काचेपाशी जातो, ऑर्डर घेतो, कागदी पेले आणतो. एका मोठ्या पांढऱ्या गाडीतून हात बाहेर येतो, मनगटावरचं घड्याळ यंत्राला टेकतं, ‘टिंग’. चहाचे पैसे झाले. मग तोच हात पुन्हा आत जातो, डॅशबोर्डच्या खणात काहीतरी शोधतो आणि एक रियालची नोट मुलाच्या हातावर ठेवतो. पेल्याची किंमत घड्याळाने दिली. धावण्याची किंमत घड्याळाला देता येत नाही. पुढच्या गाडीतूनही टिंग होतं, पण काच लगेच वर जाते. मुलगा यंत्र काखेत मारून तिसऱ्या गाडीकडे पळतो.

काका हे बारकाईने बघतात. “आधी सुट्टे उरायचे, ते पोराला मिळायचे. आता उरतच नाहीत.”

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बक्षिसी देणारे सगळे दानशूर नसतात. पुष्कळांचा दानधर्म उरलेल्या मोडीवर चालतो. यंत्र अचूक रक्कम कापतं, मोड उरत नाही, आणि कुणी काही ठरवलेलं नसताना या मुलाची दिवसाची वरकमाई आटते. फोनवर पैसे देणाऱ्याला ती दिसत नाही.

घराच्या गल्लीत शिरताना आमच्या कंपाउंडचा नातूर, म्हणजे राखणदार, फाटकाशी खुर्ची टाकून बसला आहे. पहाटे तो सगळ्यांच्या गाड्या पुसतो. वाळवंटात गाडी रोज पांढरी होते. महिन्याचे पैसे शुक्रवारी मिळतात. त्याच्याजवळ आत्ता एक बाई उभी आहे, मुलाला क्लासहून घेऊन आलेली, फोन हातात. “भैया, नंबर दो ना, अभी भेजती हूँ.” नातूर हसून मान हलवतो. “मॅडम, कल देना, कॅश.” ती म्हणते कॅश तर मी ठेवतच नाही, आणि निघून जाते. तो वहीत काहीतरी लिहितो. वही उघडी आहे. खोली क्रमांकापुढे फुल्या आणि गोल. गोल म्हणजे आले, फुली म्हणजे नाही. फुल्या जास्त आहेत. काका वाकून वही वाचतात, अगदी वे-बिल तपासावं तसं.

“किती जणांनी दिले नाहीत?”

“देंगे, चाचा. सब अच्छे लोग हैं. उनके पास छुट्टा नहीं रहता.”

काका माझ्याकडे वळतात. आवाजात आता आगारातला अधिकार आहे. “पगार यांचा मशीनमधनंच यायला पाहिजे, त्यात खोट नाही. कुणी बुडवला तर दिसतं. पण याचे पैसे तुम्हीच बुडवताय, फक्त तुमच्या मशीनला ते दिसत नाही. जा, आण सुट्टे.”

कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मी शंभराची नोट पुढे करतो. मल्याळी दुकानदार गल्ला उघडतो, बंद करतो. “छुट्टा मिलेगा. कुछ लेना पड़ेगा.” काका बरणीकडे बोट दाखवून शेंगदाण्याची चिक्की मागतात, दहाच्या नोटा स्वतः मोजून घेतात, एक फाटकी म्हणून परत करतात, बदलून घेतात, आणि लांबट घड्या घालून बोटांच्या बेचक्यांत धरतात, जशा एस.टी.त धरायचे.

“चल,” ते म्हणतात, “आता प्रत्येक दार वाजवू. ज्याच्याकडे सुट्टे नसतील त्याला मी देतो. फोनवरनं माझ्या पोराला पाठवा म्हणावं.”