आजारी मुलाचे आठ दिवस

आमच्या समाजातील स्त्रियांनी घराबाहेर नोकरी करावी की नाही, हा वाद आता कोणी घालीत नाही. तो आमच्या मागच्या पिढ्यांनी मुंबईतच निकालात काढला. कै. रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून १९५० पर्यंत माझगावच्या सर एली कदूरी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. कै. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ साली लंडनची एम. डी. ही पदवी मिळविली, पुढे १९२८ ते १९४७ या काळात कामा इस्पितळाची धुरा वाहिली, आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री लाभली. ही नावे आम्ही प्रत्येक समारंभात घेतो. (कधी कधी वाटते, नुसतीच घेतो!)

इस्रायलात आल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. मुंबईत शाळा चालविणारी बाई येथे उल्पानात अलेफ-बेत गिरवू लागली. दिमोना, येरुहाम, बैर-शेबा येथे स्थायिक झालेल्या कित्येक भगिनींनी मिळेल ते काम पत्करले; कोणी कापडाच्या कारखान्यात, कोणी इस्पितळात, कोणी वृद्धांच्या सेवेत. त्यांच्या नाती आज उत्तम हिब्रू बोलतात, पदव्या घेतात. तरीही मूल झाले की त्यांची बढती का अडते, हे पाहण्याजोगे आहे.

कायद्याचे पाठबळ नाही, असे मुळीच नाही. १९५४ च्या स्त्री-कामगार कायद्याने, त्याच मालकाकडे सहा महिने काम झालेल्या गरोदर स्त्रीला सरकारी परवानगीवाचून कामावरून काढता येत नाही. २०१७ पासून प्रसूतीचा भत्ता, पात्र स्त्रियांना, पंधरा आठवड्यांपर्यंत मिळतो. १९८८ च्या समान संधी कायद्याने लिंग, गरोदरपण, मातृत्व-पितृत्व, मूळ देश या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. इतकेच नव्हे, तर नोकरीची जाहिरातही स्त्री व पुरुष दोघांना उद्देशून लिहावी लागते. ज्या भाषेत क्रियापदालाही लिंग असते, तेथे ही बारीक गोष्ट नव्हे, हे आम्हां मराठी भाषिकांना निराळे सांगावयास नको. १९९६ च्या कायद्यान्वये समान मोलाच्या कामाला समान वेतन मागता येते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पगाराचा तलुश न वाचता खणात टाकू नये. त्यातील एखादी ओळ समजली नाही तर घरातल्या हिब्रू जाणणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

परंतु आमच्या मते खरी अडचण कचेरीइतकीच घरातही आहे. मूल आजारी पडले तर आईवडिलांना आपल्या आजारपणाच्या रजेतून वर्षाला आठ दिवस त्याच्यासाठी घेता येतात. आई व वडील दोघेही नोकरीत असतील तर ते कोणी घ्यावेत, हे कायदा ठरवीत नाही. आमच्या घरांतून मात्र ते ठरलेलेच असते. गानमधून निरोप येतो तो आईला. वरिष्ठांपुढे उभी राहते ती आई. वर्षअखेरीस "बाई वरचेवर गैरहजर असतात" हा शेराही तिच्याच नावावर पडतो. वडिलांच्या कामाच्या ठिकाणी, त्यांना मूल आहे हेही पुष्कळदा कोणाला ठाऊक नसते.

बाळंतपणाच्या रजेनंतर चार महिने पूर्णवेळ काम करणाऱ्यांना रोज एक तास लवकर निघण्याची सवलत मिळते, तीदेखील आता वडील घेऊ शकतात. ती घेणारा तरुण आमच्या समाजात आढळला, तर त्याची थट्टा प्रथम त्याचे मित्रच करतात आणि नंतर, खेदाने लिहावे लागते, त्याची आई. "माझ्या मुलाला लवकर घरी बोलावतेस?" हा प्रश्न सुनेला विचारला जातो.

सासूबाईंविषयी लिहिताना न्यायही केला पाहिजे. नातवंडे सांभाळून सुनांच्या नोकऱ्या टिकविल्या त्या त्यांनीच, आणि तेही स्वतः पाळीची कामे करून. आज त्यांची साठी उलटली आहे, गुडघे दुखतात. नव्या वर्षाच्या सणांनंतर गान व शाळा सुरळीत सुरू होतील आणि पहिला ताप येईल, तेव्हा ते आठ दिवस नवरा-बायकोने आधीच बसून वाटून घ्यावेत, चार तिचे, चार त्याचे. आणि त्याने आपल्या वरिष्ठाला ते स्वतःच्या तोंडाने सांगावे.