टू-डी इको : झटक्यानंतर हृदयाची ताकद किती उरली?

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी मावळातले आपले बांधव तेथे जमतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले कुणीतरी आम्हाला फाईल दाखवून विचारतेच, "पंपिंग ३५ टक्के लिहिलंय. म्हणजे हृदय ६५ टक्के गेलं का?"

नाही. निरोगी हृदयही भरलेले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. डाव्या कप्प्यात १०० मिली रक्त असेल, तर एका ठोक्याला साधारण ५५ ते ७० मिली बाहेर जाते. रिपोर्टातला ‘ईएफ’ तो हाच. तो ४० किंवा त्याखाली गेला, की पंपिंग बरेच कमी झाले असे समजतात. आकडा जितका खाली, तितका पुढे दम लागण्याचा, पायांवर सूज येण्याचा आणि ठोके बिघडून अचानक मृत्यू येण्याचा धोका जास्त.

इकोत ध्वनिलहरींनी हृदयाचे हलते चित्र दिसते. कोणती भिंत नीट आकुंचन पावत नाही, झडप गळते का, आत रक्ताची गुठळी आहे का, हे कळते. गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा होतो. म्हणून ती दिसली की रक्त पातळ करणारे औषध देतात.

पहिला आकडा मात्र शेवटचा नसतो. झटक्यात काही स्नायू मरतात, काही नुसते बधिर होतात. रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाला, की बधिर स्नायू काही आठवड्यांत कामाला लागतात. म्हणून सहा ते बारा आठवड्यांनी इको पुन्हा करायचा असतो. औषधे घेऊनही आकडा ३५च्या वर आला नाही, तर अचानक मृत्यू टाळणारे यंत्र छातीत बसवावे का, याचा विचार डॉक्टर करतात.

नेमका हाच दुसरा इको आपल्याकडे राहून जातो. बरे वाटू लागते, लोणावळा-कामशेतहून पुण्याला जायचे तर रोज बुडतो, आणि हळूहळू गोळ्याही सुटतात.

म्हणून घरी सोडतानाच दुसऱ्या इकोची तारीख लिहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर पुढच्या तपासण्यांबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दोन्ही रिपोर्ट एकाच फाईलीत ठेवा. तंबाखू, मिश्री, विडी बंद करा. कार्ल्याच्या पायऱ्या चढण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत पुन्हा दुखले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

जयभीम!