गावाला विचारायचं राहिलं

वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला दाभोळ आणि दक्षिणेला अंजनवेल. गावात गोपाळगड आहे, टाळकेश्वराच्या टोकावर दीपगृह आहे आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वीजप्रकल्प आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना यातला फक्त प्रकल्प ठाऊक असतो, आणि तोही पलीकडच्या गावाच्या नावाने. दाभोळ वीज कंपनीने नाव घेतलं पैलतीराचं आणि जमीन घेतली ऐलतीराची. अंजनवेल, वेलदूर, रानवी ही सगळी गावं गुहागर तालुक्यातली. दाभोळ तर तालुक्यानेही वेगळं, दापोलीतलं.

पर्यावरणाचं लोकशिक्षण या नावाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खेड्यापाड्यांत जे काही झालं, त्याचा आढावा घ्यायला हे खाडीमुख सोयीचं आहे. इथे लोकांना शिकवलं गेलं, लोक आपले आपण शिकले, आणि शिकूनही त्यांना कोणी विचारलं नाही. तिन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर पाहायला मिळतात.

शाळेची बाजू लवकर उरकते. १९७७ साली सोव्हिएत जॉर्जियातल्या तिबिलिसी इथे पर्यावरण शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने पाच उद्दिष्टं ठरवली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपल्याकडे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात आणायला सांगितलं, आणि अंमलबजावणी होईना म्हणून २००३ मध्ये पुन्हा बजावलं. मग अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आलं, प्रकल्पवही आली आणि ती वही भरायला बाजारात तयार चित्रांचे तक्ते आले. ओझोनचा थर कुठे विरळ झाला हे मुलाला पाठ असतं. आपल्या वाडीचा पऱ्ह्या पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा आणि आता कधी आटतो, हे त्याला कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत. पाच उद्दिष्टांपैकी शेवटचं, सहभागाचं, तेवढं राहून गेलं.

न्यायालयाचा पहिला आदेश निघाला त्याच सुमारास अंजनवेलच्या सड्यावर निराळाच वर्ग भरला होता. १९९२च्या जूनमध्ये एन्रॉन ही अमेरिकी कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात या प्रकल्पासाठी सामंजस्य करार झाला, १९९३च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. त्याने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांत नव्या अटींवर तो परतही आणला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९च्या मे महिन्यात सुरू झाला आणि दोन वर्षांत थांबला. २००१च्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत निघाली. हा इतिहास सर्वांनी वाचलेला आहे. या काळात तिथल्या वाड्यांमध्ये काय शिकलं गेलं, ते मात्र कुठे फारसं लिहिलेलं नाही.

नाफ्था म्हणजे काय, जहाजातून उतरवताना तो सांडला तर काय होईल, यंत्रं थंड करून समुद्रात सोडलेलं गरम पाणी मासळीला कुठे पळवेल, विजेचा दर डॉलरला बांधला तर वीज मंडळाच्या गळ्याला किती फास बसेल, हे प्रश्न भातशेती आणि होड्या सांभाळणाऱ्या माणसांपुढे आले. मदतीला बाहेरची माणसंही होती. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातल्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी वीजखरेदी कराराचं आकड्यांनिशी विश्लेषण केलं. विवेक माँटेरो हेही मदतीला होते; ते पदार्थविज्ञानातले डॉक्टरेट, कामगार चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘नवनिर्मिती’च्या द्वारे सामान्य मुलांना गणित-विज्ञान शिकवणारे. अभय मेहता आणि ‘सिटू’ ही कामगार संघटना यांनी कराराविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली, १९९६च्या अखेरीस ती फेटाळली गेली. गणित सगळ्यांना आलं पाहिजे असं म्हणणारा माणूस विजेच्या दराचं गणितही लोकांपुढे मांडतो, यात मला काही योगायोग दिसत नाही.

या शिक्षणाची फी मात्र जबर होती. ३ जून १९९७ रोजी पहाटे वेलदूरमध्ये पोलीस मच्छीमारांच्या घरांत घुसले आणि बायकांना मारहाण करत बाहेर काढून घेऊन गेले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या १९९९च्या अहवालात हा प्रसंग तपशिलाने आहे. आणि एवढं करून प्रकल्प बुडाला तो गावकऱ्यांच्या हरकतींनी नव्हे, तर न परवडणाऱ्या विजेने. गावाचं म्हणणं खरं ठरलं, पण गावामुळे काही ठरलं नाही.

याचं एक कारण कायद्यात आहे, आणि ते फार थोड्यांना आठवतं. पर्यावरणीय आघाताचं मूल्यमापन सक्तीचं करणारी केंद्राची अधिसूचना निघाली १९९४च्या जानेवारीत, आणि जनसुनावणी सक्तीची झाली १९९७च्या एप्रिलमध्ये. वीजखरेदीचा करार त्याआधीचा. म्हणजे सही झाली तेव्हा अंजनवेलच्या माणसांना ‘तुमचं म्हणणं काय’ असं विचारण्याचं बंधनच कोणावर नव्हतं. पुढे २००६ची अधिसूचना आली. तिच्यानुसार सुनावणीआधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. अहवाल इंग्रजीत, सारांश मराठीत. पाणी किती घेणार, सोडणार कुठे, त्याचं तापमान किती, ही जीव असलेली पानं मूळ अहवालात राहतात, आणि गावाच्या हाती पडतात ‘हरितपट्टा विकसित केला जाईल’ अशी वाक्यं. २०२० मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा आला, तेव्हा तो बावीस भाषांत उपलब्ध करा असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पर्यावरणाचं लोकशिक्षण म्हणून कोट्यवधींची भित्तिपत्रकं छापणाऱ्या देशात भाषांतरासाठी कोर्टात जावं लागतं!

२००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून प्रकल्पाचं पुनरुज्जीवन झालं. शेजारी द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल उभं राहिलं आणि २०१३च्या सुरुवातीला तिथे पहिलं जहाज लागलं. पण लाटा अडवणारा बंधारा अपुरा, म्हणून पावसाळ्यात जहाज लावता येईना. आगोट लागली की या तोंडावर समुद्र कसा उसळतो, हे वेलदूरच्या तांडेलाने फुकट सांगितलं असतं.

खाडीचं दुखणं आणखी वरून येतं. खेड तालुक्यातली लोटे-परशुराम ही रासायनिक कारखान्यांची वसाहत याच खाडीच्या पाणलोटात. खाडीत मासळी मरून तरंगण्याचे प्रसंग वर्षानुवर्षं घडत आले आहेत, आणि काठावरचा भोई समाज तितकीच वर्षं दाद मागतो आहे. त्यात वाशिष्ठीला पोफळीच्या वीजघरातून उतरलेलं कोयनेचं गोडं पाणी भर उन्हाळ्यातही मिळतं. गोडं किती, खारं किती, वास कुठल्या भरतीला येतो, कुठल्या कोंडीत मासा आधी उताणा होतो, हे होडीतल्या माणसाला ठाऊक असतं. ते कागदावर यायला पाण्याचा नमुना वेळेत आणि साक्षीदारांसमोर घेतला जावा लागतो. तेवढं कौशल्य गावोगावच्या दोन-चार तरुणांना दिलं तरी ते शंभर भाषणांपेक्षा कामाचं ठरेल. प्रशिक्षण शिबिरांत हा तास बहुधा नसतो, वृक्षारोपणाचा मात्र हमखास असतो.

आता किनाऱ्याकडे वळू, कारण तिथे खरोखर काहीतरी घडलं आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तोवर किनाऱ्यावर कासव रात्री वर आलं की सकाळी त्याची अंडी माणसं नाहीतर कुत्री-कोल्हे काढून नेत. संस्थेने अंडी काढणाऱ्यांना गुन्हेगार ठरवलं नाही. वाळूत घरटं नेमकं कुठे आहे हे काठी टोचून ओळखण्याची कला त्यांच्याच हातात होती. तीच माणसं मानधनावर राखणदार झाली. पहाटे कासवाच्या पावलांचा माग काढायचा, अंडी अलगद काढून कुंपणातल्या खड्ड्यात तितक्याच खोल पुरायची, वर तारीख आणि संख्या लिहायची, पन्नासेक दिवसांनी टोपली उचलून पिल्लं मोजायची आणि समुद्राकडे सोडायची. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे घराघरांत उतरू लागले, भाकरी-मोदकांचे पैसे बायकांच्या हाती आले. पुढे वन विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठानही या कामात उतरले, आणि गुहागरचा लांबलचक किनारा कासवांच्या घरट्यांसाठी राज्यातल्या आघाडीच्या किनाऱ्यांपैकी एक ठरला.

हे काम नोंदीवर चालतं, म्हणून मला ते शिक्षण वाटतं. २०२३च्या फेब्रुवारीत गुहागरला दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवून त्यांना ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ अशी नावं दिली गेली. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. त्याहून गंमत २०२५च्या जानेवारीतली. गुहागरच्या वाळूत अंडी घालणाऱ्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी दिसली. त्या पट्टीवरच्या आकड्यावरून कळलं की तिला २०२१ साली ओडिशात खूण केली होती. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालतं, ही नोंद झाली. अंधारात पट्टी दिसली तर आकडा वाचायचा, कासवाला हात लावायचा नाही आणि तो आकडा कळवायचा कुठे, हे ठाऊक असलेली माणसं वाळूवर होती म्हणून ती झाली.

तरी महोत्सवाचं कौतुक करताना हात थोडा आखडता घ्यावा. कासव देखणं आहे, पाहुणे आणतं, कोणाच्या कारखान्याच्या आड येत नाही. तिसऱ्या आणि खुबे गोळा करणाऱ्या बाईच्या चिखलाला महोत्सव नसतो. सड्यालाही नसतो. महसुली कागदावर कोकणातला सडा बहुधा पडीक. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं, गेंद आणि कोकणापुरतीच असलेली दीपकाडी फुलते, गुरं चरतात, आणि खडक मुरवतो ते पाणी खालच्या विहिरींना मिळतं. रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सड्यांवरची कातळशिल्पं गावकऱ्यांना सोबत घेऊन शोधली. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या सड्यावरचं हत्तीचं शिल्प राखलं, आणि २०२२ मध्ये कोकण-गोव्यातली कातळशिल्पं जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ‘पडीक’ जमिनीकडे गाव कसं पाहतं ते अशाने बदलतं. अंजनवेलच्या सड्याला ही संधी मिळाली नाही.

गावाच्या ज्ञानाची नोंद सरकारनेही करायला घेतली होती. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. मूळ कल्पना माधव गाडगीळ यांच्यासारख्यांची. गावानेच शोधावं, लिहावं आणि त्यावरून ठरवावं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं काही झालं नाही. मग हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० अखेरची मुदत आणि दंड लावला, तेव्हा घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावा असं म्हटलं होतं, आणि तो अहवाल जनतेला वाचायला मिळावा म्हणून माहिती अधिकाराची लढाई २०१२ पर्यंत लढावी लागली.

ग्रामसभेची अडचण कोकणात वेगळीही आहे. निम्मं गाव मुंबईत असतं. वाडीचे निर्णय मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत होतात, जमिनीचे सातबारे चाकरमान्यांच्या नावावर असतात. त्यामुळे गावातल्या म्हाताऱ्यांना आणि सुनांना जमवून केलेलं प्रबोधन अर्धंच राहतं. ग्रामसभा होतात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला, आणि यांतला १ मे सोडला तर मुंबईकर क्वचितच गावात असतो. तो हमखास येतो गणपतीला आणि शिमग्याला. शिमग्याच्या सुमारास सड्यांवर वणवे लागतात, आंब्या-काजूच्या बागा होरपळतात, किनाऱ्यावर कासवाची पिल्लं निघत असतात, विहिरींचा तळ दिसायला लागलेला असतो, आणि पालखीमागे अख्खं गाव हजर असतं. जादा ग्रामसभा बोलवायला कायद्याची आडकाठी नाही. सहाणेवर पालखी बसली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोलवावी, नोंदवही मोठ्याने वाचून दाखवावी, चुकलं असेल ते म्हाताऱ्यांकडून दुरुस्त करून घ्यावं, आणि सड्यावर पुढे काय येऊ द्यायचं याचा ठराव, सातबाऱ्यावर नावं असलेली माणसं समोर असतानाच लिहून घ्यावा.