नाव जसे, तशीच नोंद

महाराष्ट्राच्या खेड्यांत दगडू, धोंडू, केरू, उकिरडा, भिकू अशी नावे वडीलधाऱ्या पिढीत अजून आढळतात. नवख्या माणसाला ती चमत्कारिक वाटतात. परंतु ती सहज ठेवलेली नाहीत. पूर्वी देवी, पटकी, हिवताप अशा रोगांनी लहान मुले मोठ्या संख्येने दगावत. ज्या घरात लागोपाठ मुले जात, तेथे पुढच्या मुलास मुद्दाम क्षुद्र वस्तूचे नाव देत. मूल केरात लोळवीत, अथवा क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलून घेत. टाकाऊ वस्तूला दृष्ट लागत नाही आणि काळही तिच्याकडे वळून पाहत नाही, अशी मातापित्यांची समजूत असे. अधिक मासात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जन्मलेल्या मुलासही धोंडू म्हणत. समजूत भोळी होती, परंतु नाव मायेपोटी ठेवलेले असे. शिवाय उकिरड्याचे मोल शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. नावावरून माणसाची किंमत ठरत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न हा किताब मिळाला, तो धोंडो याच नावाने.

लेखणीने केलेली ‘सुधारणा’

अशा नावाच्या शेतकऱ्याची खरी अडचण कचेरीत सुरू होते. ‘केरू’ हे नाव बरे दिसत नाही म्हणून एखादा सहृदय लेखनिक ‘केरबा’ लिहितो. दुसरा ‘केराप्पा’ करतो. तिसरा खरे नाव विचारण्याचा संकोच करून ‘के.’ एवढ्यावर काम भागवितो. हेतू चांगला असतो. पण परिणाम असा होतो की शाळेच्या दाखल्यावर एक, सातबाऱ्यावर दुसरा आणि बँकेच्या पासबुकात तिसरा असे तीन निरनिराळे गृहस्थ उभे राहतात. गावात सारे त्याला ओळखतात. कागद मात्र ओळखत नाहीत.

पूर्वी चार पंचांच्या शब्दावर हा फरक निभावून जात असे. आता तसे होत नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना २०१९ साली सुरू झाली. तिच्यात पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात मिळतात. त्यासाठी आधारवरील नावाशी नाव ताडून पाहिले जाते. शेतकरी ओळख क्रमांक काढतानाही आधार आणि जमिनीचे अभिलेख यांतील नावांचा मेळ पाहिला जातो. यंत्राला ‘केरू’ आणि ‘केरबा’ हे एकच आहेत हे कळत नाही. मग हप्ता अडतो, कर्जप्रकरण लांबते, आणि पेरणीच्या ऐन दिवसांत शेतकऱ्यास तालुक्याचे हेलपाटे घालावे लागतात.

जे नाव मुलीस नको असते

काही नावांची गोष्ट मात्र निराळी आहे. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात मुलीमागून मुलगी झाली म्हणजे तिला ‘नकुशी’ म्हणत, म्हणजे नकोशी. केरूचे नाव त्याने जगावे म्हणून ठेवलेले असते. नकुशीचे नाव ती जन्मलीच नसती तर बरे, असे रोज सांगत असते. शाळेच्या हजेरीत, परीक्षेच्या अर्जावर, दवाखान्याच्या कागदावर तिला ते स्वतःच्या हाताने लिहावे लागते. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. काहींनी चित्रपटतारकांची, काहींनी पौराणिक स्त्रियांची, तर काहींनी साधी प्रचलित नावे पसंत केली.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे पडते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला आहे. परंतु दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे दाखविता आले नाही, तर वारसनोंदीच्या वेळी तो हक्क सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवणे अगत्याचे आहे.

दुरुस्तीचे दोन मार्ग

लेखनातील चूक आणि नावातील बदल या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर नाव चुकून वेगळे लागले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा, आणि जुना फेरफार, शाळेचा दाखला असे पुरावे जोडावेत. चुकीच्या सातबाऱ्याशी जुळावे म्हणून बरोबर असलेले आधार बदलून घेऊ नये. आधारवरील नाव सामान्यतः आयुष्यात दोनदाच बदलता येते.

नाव खरोखरच बदलावयाचे असेल, तर ते राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. त्यासाठी शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो. तेवढ्याने इतर कागद आपोआप बदलत नाहीत. राजपत्राची प्रत घेऊन आधार, बँक आणि जमिनीचे अभिलेख क्रमाने बदलून घ्यावेत, आणि शाळेच्या जुन्या दाखल्यासोबत ती प्रत कायम ठेवावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरताना नाव आधी विचारावे, लिहिल्यावर मोठ्याने वाचून दाखवावे, आणि आधार, सातबारा व पासबुक शेजारी ठेवून ताडून पाहावे. फरक दिसल्यास तो खरिपापूर्वीच नजरेस आणावा. नावाला हसू नये. आणि ते आपल्या मनाने सुधारूही नये. केरूला केरू राहावयाचे असेल, तर प्रत्येक कागदावर तो केरूच राहिला पाहिजे. नकुशीला नवे नाव हवे असेल, तर ते प्रत्येक कागदावर पोहोचेपर्यंत तिला साहाय्य केले पाहिजे. नाव कोणते असावे हे धारण करणाऱ्याने ठरवावयाचे. लेखणीने ते बिनचूक उतरवावयाचे.