पांच दिवसांचे पाहुणे

परदेशप्रवास म्हटला कीं आपल्या घरांत प्रथम पैशांचा हिशेब निघतो, मग कपड्यांचा, आणि शेवटीं वेळेचा. वास्तविक हा क्रम उलटा पाहिजे. ज्यांस आठवडाभराचीच रजा आहे आणि ज्यांच्याबरोबर एक आजी व दोन शाळकरी मुलें आहेत, त्यांस सर्वांत दुर्मिळ वस्तु म्हणजे वेळ, व तिच्या खालोखाल पायांतील बळ. या दोहोंची वाटणी नीट झाली म्हणजे लहान प्रवासहि समाधानाचा होतो. उदाहरणादाखल काठमांडूचें खोरें घेऊं. कारण एकत्र कुटुंबास सहज झेपेल असा परदेश तोच.

प्रथम मार्ग. मुंबईहून आगगाडीनें गोरखपूर गांठण्यास सुमारें दीड दिवस लागतो. तेथून सोनौलीची सरहद्द शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर, आणि पलीकडे भैरहव्याहून काठमांडूपर्यंत डोंगरी रस्त्याचा जवळजवळ पूर्ण दिवस. जातांना तीन व येतांना तीन दिवस गेल्यावर आठवड्यांत उरलें काय? त्यापेक्षां दिल्लीहून विमानानें जावें; दोन तासांच्या आंत मनुष्य काठमांडूस उतरतो. जातांना डाव्या हाताची खिडकी मागून घ्यावी. आकाश निरभ्र असल्यास हिमशिखरांची रांग तेथूनच दिसते, आणि आजींना कोणताहि डोंगर चढावा लागत नाहीं.

मोटारीनेंच जाणें असेल तर पावसाळा व रात्र हीं दोन्ही कटाक्षानें टाळावींत. १२ जुलै २०२४ रोजीं दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूळी नदींत वाहून गेल्या. त्याच वर्षीं २३ ऑगस्ट रोजीं पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली, जळगांव जिल्ह्यांतील यात्रेकरूंची बस मर्स्यांगदीच्या पात्रांत कोसळली व पंचविसांहून अधिक माणसें दगावलीं. श्रावणांतील स्वस्त यात्रेचें पत्रक हातीं आलें असतां घरांतील कर्त्या माणसानें ही गोष्ट आठवावी. आश्विन-कार्तिकांत आकाश स्वच्छ असतें. मात्र आपल्या नवरात्राच्या सुमारास तेथें दशैंचा मोठा सण येतो व सारा देश आपापल्या गांवीं निघतो. त्या दिवसांत तिकिटें मिळणें कठीण.

भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाहीं, परंतु म्हणून कागदच लागत नाहींत असें समजूं नये. विमानानें जाणाऱ्या प्रौढ माणसापाशीं पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवें. पंधरा वर्षांखालील मुलें व पासष्टांवरील वडीलधारे यांस छायाचित्र असलेल्या अन्य कांहीं ओळखपत्रांची सवलत आहे. १९९३ पासून आपला एक रुपया तेथील एक रुपया साठ पैशांबरोबर आहे. भारतीय नोटांविषयींचे नियम मात्र बदलत आले आहेत. २०१८ सालीं शंभरांवरील नोटांस तेथें बंदी झाली होती. यास्तव निघण्यापूर्वीं बँकेंत चौकशी करावी व शंभराच्या नोटा अधिक घ्याव्यात. तेथील घड्याळ आपल्यापुढें पंधरा मिनिटें असतें. परतीच्या दिवशीं याचें विस्मरण झाल्यास विमान चुकेल.

आतां मुक्काम. पांच दिवसांत तो एकच ठेवावा. रोज सामान बांधणें-सोडणें यांत सकाळी फुकट जातात. बहुतेक प्रवासी काठमांडूच्या ठमेल भागांत उतरतात. तेथें सोयी पुष्कळ, पण रात्रीं उशिरापर्यंत गजबज असते. कुटुंबास बागमतीच्या दक्षिणेचें पाटण, म्हणजेच ललितपूर, अधिक मानवेल. तेथें नेवार लोकांचीं चौकाचीं जुनीं घरें पाहुण्यांसाठीं उघडलेलीं आहेत. त्यांचे जिने अरुंद व उभे असतात, म्हणून आजींसाठीं तळमजल्याची खोली अगोदरच ठरवावी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानें हें खोरें हादरलें होतें. घराची डागडुजी कशी झाली, हा प्रश्न विचारण्यांत संकोच नसावा. जेवणास डाळ, भात, तरकारी सर्वत्र मिळते. मोमो मात्र पुष्कळदां म्हशीच्या मांसाचे असतात; विचारल्यावांचून मुलांस देऊं नयेत.

दिवसांची वाटणी अशी करावी. पहिला दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशीं पहांटे पशुपतिनाथ. कातड्याच्या वस्तु बाहेर ठेवाव्यात, आणि आर्यघाटावर जळणाऱ्या चितांचीं छायाचित्रें घेऊं नयेत, तें कोणाच्या तरी घरचें दुःख आहे. तिसऱ्या दिवशीं पायींच पाटण: १६३७ सालीं सिद्धिनरसिंह मल्लानें बांधविलेलें कृष्णमंदिर, त्यावर कोरलेल्या रामायण-महाभारताच्या कथा, आणि जवळच रस्त्याच्या पातळीखालीं असलेली मंगहिटी, जिच्या दगडी धारांखालीं लोक अद्याप घागरी भरतात. चौथा दिवस भक्तपूर व त्याच्या उत्तरेच्या टेकडीवरील चांगुनारायण यांचा. तेथें मानदेव राजाचा इ. स. ४६४ चा संस्कृत शिलालेख आहे. पति निवर्तल्यावर सती जाण्यास निघालेल्या राज्यवती राणीस तिच्या पुत्रानें विनवून मागें फिरविलें, ही कथा त्यांत आहे. मुलांनीं ती घरूनच ऐकून जावें, म्हणजे शिळेसमोर उभें राहिल्यावर तीं कंटाळणार नाहींत. पांचवा दिवस मोकळा सोडावा. ठरवून सोडलेला मोकळा दिवस वायां जात नाहीं.

तो दिवस माणसांसाठीं आहे. लिपि आपलीच असल्यानें पाट्या सर्वांस वाचतां येतात, अर्थ मात्र कधीं कधीं चकवितो. ‘शिक्षा’ म्हणजे तेथें शिक्षण, छडी नव्हे. ‘घाम’ म्हणजे ऊन. संस्कृत ‘घर्म’ शब्दाचे हे दोन नातू दोन देशांत असे वेगवेगळे वाढले. ‘खाजा’ मागितल्यास पक्वान्न येणार नाहीं, मधल्या वेळचें खाणें येईल. दुकानदारास ‘दाइ’, बाईस ‘दिदी’, वृद्धांस ‘बा’ व ‘आमा’ म्हणावें, आणि सर्वांस ‘तपाईं’ असें आदरार्थी संबोधावें. एवढ्या शब्दांनीं दार निम्में उघडतें.

हें शेवटचें विशेष महत्त्वाचें आहे. आपल्या शहरांत नेपाळी मनुष्य बहुधा पहारेकरी म्हणून किंवा उपाहारगृहांत राबतांना भेटतो, आणि त्यास ‘अरे बहादूर’ अशी एकेरी हाक मारण्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. मुलें ही हाक ऐकतच वाढतात. तीच जीभ घेऊन त्याच्या देशांत गेल्यास देवळें दिसतील, मनुष्य दिसणार नाहीं. कारण तेथें यजमान तो व पाहुणे आपण. म्हणून प्रवासाच्या तयारींत एक काम अगोदर उरकावें. आपल्या दारावर रात्रीं जागणारा कोणी नेपाळी असेल तर मुलांनीं त्यास त्याचें खरें नांव, गांव व घरचीं माणसें विचारावींत. यास तिकिट लागत नाहीं, आणि परदेशाची पहिली ओळख घराच्या उंबऱ्यावरच होते.